दान केलेले बूट

कल्याण सरांनी लंगड्या मुलीशी लग्न केलं, ही गोष्ट निम्म्या भोकरदन तालुक्याला माहीत होती. कारण सर ती स्वतःच सांगायचे. एका खाजगी शाळेत ते मराठी शिकवायचे, पण त्यांचं नाव झालं ते सूत्रसंचालनात. साखरपुडा असो, स्नेहसंमेलन असो की नव्या दुकानाचं उद्घाटन, माईक सरांच्याच हातात. आवाज भारदस्त, शब्द तयार. कार्यक्रम रंगात आला की सर हळूच घरच्या गोष्टीवर यायचे. "माझी पत्नी साधना दिव्यांग आहे. लोकांनी तिचा पाय पाहिला, मी तिचं मन पाहिलं." एवढं म्हणून ते क्षणभर थांबायचे. टाळ्या पडायच्या. बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

साधना परतूर तालुक्यातल्या आष्टीची. सहा वर्षांची असताना ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली आणि डावी मांडी मोडली. वडिलांनी तिला हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं बांबूच्या कांब्या बांधल्या, वर तेल घातलं. हाड जुळलं, पण एकावर एक चढून जुळलं. डावा पाय उजव्यापेक्षा दोन-अडीच बोटं आखूड राहिला. टाच टेकवली की कंबर डावीकडे खचायची, नाही टेकवली तर चवड्यावर चालावं लागायचं. पोरींच्या घोळक्यात ती कायम दहा पावलं मागं.

बी.ए. झाल्यावर स्थळं यायला लागली. पाहुणे बसायचे, साधना पोह्यांच्या बशा घेऊन आतून यायची, आणि बशा त्यांच्या हातात पडायच्या आधीच निकाल लागलेला असायचा. कल्याण सर आले तेव्हा मात्र वेगळंच झालं. त्यांनी पोहे खाल्ले, रुमालानं बोटं पुसली आणि म्हणाले, "जरा दारापर्यंत चालून दाखवता?"

ती चालली.

"अजून एकदा."

ती पुन्हा चालली. बैठकीत भाऊबंद बसलेले, दारात शेजारच्या बाया. सरांचे डोळे भरून आले होते. "मला हीच मुलगी पाहिजे," ते म्हणाले. साधनाच्या वडिलांनी त्यांचे पाय धरले. वडिलांनी जावयाचे पाय धरलेले साधनानं बघितले, आणि सगळे इतके आनंदात होते की आपल्यालाच ते का बघवत नाहीये, हे तिला कुणाला विचारता आलं नाही.

लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं संपल्यावर सरांनी माईक घेतला. नवरदेवाचं भाषण लोकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

सासू सगुणाबाई भाषणाच्या वेळी मांडवाबाहेर आचाऱ्याशी भांडत होती. गोड बोलणं तिला येत नसे. सून घरात आली त्या दिवसापासून तिनं तिला 'लंगडे' अशीच हाक मारली. "माह्या पोराला भाषणाला बायको पाहिजे व्हती, मला कामाला पाहिजे व्हती," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "त्याचं भागलं. माहं काय?"

काम साधना करायची, पण हळू. हापशावरून पाणी आणताना हंडा हिंदकळायचा आणि डावी बाजू भिजायची. कापूस वेचायला गेली की दुसऱ्या बायांची ओळ संपायची तेव्हा हिची निम्म्यात असायची. दोन वर्षांत कंबर धरली. मग उजवा गुडघा दुखायला लागला. सकाळी अंथरुणातून उठताना ती आधी भिंत धरायची. सरांना सांगितलं तर ते तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. "सोसते आहेस गं. मला कळतं सगळं." आणि पुढच्या कार्यक्रमात ते दुखणं भाषणात यायचं.

दवाखान्यात तिला नेलं ते सगुणाबाईनं. दया आली म्हणून नाही. त्या वर्षी कापूस एकदम फुटला होता, मजूर मिळत नव्हते आणि सून तीन दिवस पडून होती. भोकरदनच्या डॉक्टरनं तिला झोपवून दोन्ही पाय मोजले, कंबरेचा फोटो काढायला लावला आणि म्हणाला, "कंबर वाकडी झाली कारण पाय आखूड आहे. गोळ्यांनी नाही जायचं हे. डावा बूट उंच करून घ्या." त्यानं नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर एक कारखाना सांगितला. तिथं अजमत नावाचा माणूस कृत्रिम पाय, पट्टे, बूट बनवायचा.

"बूट घातल्यावर कापूस वेचता येईल का?" सगुणाबाईनं विचारलं.

"येईल की."

"हंडा?"

"तोही येईल, आजी."

"मंग चल," सगुणाबाई सुनेला म्हणाली. "इतके दिवस का न्हाई सांगितलं मेल्यानं कोणी."

अजमत फार बोलणारा माणूस नव्हता. कारखान्यात प्लास्टरची पांढरी धूळ, भिंतीला टांगलेले पाय, कोपऱ्यात घरघरणारं यंत्र. त्यानं साधनाला अनवाणी उभं केलं आणि तिच्या डाव्या पायाखाली लाकडाची एक पातळ फळी सरकवली. मग तिच्यावर दुसरी. मग तिसरी. दर वेळी मागं जाऊन तो तिच्या कंबरेकडे बघायचा. चौथ्या फळीला तो म्हणाला, "बस. हिलू नका."

समोर भिंतीला आरसा होता. साधनाला आपले दोन्ही खांदे एका रेषेत दिसले. आपण उंच आहोत, हे तिला माहीतच नव्हतं. तिला रडू आलं, तसं सगुणाबाई म्हणाली, "रडती काय, नीट उभी राह्य. माप चुकंल त्याचं."

"पूरी उंची एकदम न्हाई देणार," अजमत म्हणाला. "थोडी आत, थोडी तळव्याला. आदत झाली की मंग वाढवू. पुढून तळवा गोल करतो, म्हणजे चवडा अडकणार न्हाई. पयले काही दिवस पिंढऱ्या दुखतील. दुखू द्या."

दुखल्या खऱ्या. पण काही आठवड्यांनी साधनानं एका दमात हापशावरून हंडा आणला आणि वर कळशीही आणली. साडीच्या काठाखाली काळे बूट, डाव्याचा तळवा जाड पण हलका. सगुणाबाईनं हंडा उतरून घेतला, त्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "भरून आणलाय की."

अडचण उंबऱ्याशी होती. बूट बाहेर काढले की घरात पुन्हा तीच साधना. चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत कंबर खचायची. अजमतनं घरात घालायला एक उंच चप्पलही करून दिली होती. ती बघून सगुणाबाई भडकली. "घरात पायताण? देव हायेत घरात!" दोन दिवस चप्पल बाहेरच्या ओट्यावर पडून राहिली. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता साधना उठली, तोल गेला आणि पिठाची परात पालथी झाली. सगुणाबाईनं शिव्या घातल्या, पीठ गोळा केलं, आणि मग ओट्यावरची चप्पल स्वतः बादलीत बुडवून घासली. "ही घराबाहेर न्यायची न्हाई. देवापाशी काढायची. आणि माह्यासमोर मिरवायची न्हाई. मला पीठ वाया गेलेलं चालत न्हाई, म्हणून."

हे सगळं होईपर्यंत कल्याण सर शाळेच्या दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गावाबाहेर होते. परत आले तेव्हा साधना त्यांना घ्यायला मुद्दाम भोकरदनच्या बसस्टँडवर गेली. ते गाडीतून उतरले. ती त्यांच्याकडे सरळ चालत गेली. त्यांची नजर तिच्यावरून पुढं गेली आणि गर्दीत दुसरीकडे शोधायला लागली. ती अगदी समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी ओळखलं.

"अहो, मीच."

सरांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या तोंडावर जे आलं ते साधनानं आधी कधी पाहिलं नव्हतं. खिसा कापला गेलेला माणूस खिसा चाचपतो तसं.

"छान," ते म्हणाले. "पण एवढा आटापिटा कशाला? मी कधी तक्रार केली होती का?"

त्या दिवसापासून सरांचं घरातलं बोलणं बदललं. बूट जड असतील. पाय सोलतील. बाई माणसाच्या पायात असे बूट बरे दिसत नाहीत. रागावून एक शब्द नाही, सगळं काळजीनं. मग गावातलाच एकजण पारावर त्यांना म्हणाला, "सर, मॅडम तर टणटणीत चालून राह्यल्या आता. आम्हाला वाटलं पार निकामी हाय पाय." सर हसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फेब्रुवारीत जालन्याच्या एका प्रतिष्ठाननं त्यांना 'आदर्श दांपत्य' पुरस्कार जाहीर केला. नवीन जालन्यात सभागृह, आमदारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत पाहुणे. सर आठवडाभर हवेत होते. साधनाला नवी साडी आणली. गाडी सभागृहापाशी थांबली तेव्हा ते म्हणाले, "बूट काढ. व्यासपीठावर सरस्वतीची मूर्ती आहे, दीपप्रज्वलन आहे. मी गाडीत ठेवतो."

"पायऱ्यांपाशी काढते ना. खुर्च्यांमधून एवढं लांब जायचंय."

"साधना, आज माझा दिवस आहे."

तिनं बूट काढले. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं ती चालली. नवी साडी, कंबर दर पावलाला डावीकडे खचणारी, महिनोन्‌महिने न वापरलेला लंगडण्याचा जुना ताल पायात परत येताना दुखत होता. दोन्ही बाजूंनी माना वळल्या. सर मुद्दाम हळू चालत होते. व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी ते थांबले, लोकांकडे वळले, आणि साधनाला काही कळायच्या आत वाकून त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं.

"अहो, उतरवा मला," ती म्हणाली. "उतरवा. मला येतंय चढता."

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. माणसं उभी राहिली होती. कुणीतरी शिट्टी वाजवली. तिचे अनवाणी पाय सगळ्यांसमोर लोंबकळत होते, एक लांब, एक आखूड, आणि फोटो काढणारे पायांकडूनच फोटो काढत होते. सरांनी तिला खुर्चीवर ठेवलं. ठेवलं, असंच. मग त्यांनी घाम पुसला आणि माईक घेतला.

"ही माझी रोजची सेवा आहे," ते म्हणाले. "सकाळी उठल्यापासून."

ते बराच वेळ बोलले. साधनाला आंघोळीला कोण नेतं, तिला वेणी घालायला कोण मदत करतं, पडली तर रात्री कोण जागतं. त्यातलं एकही घडलेलं नव्हतं. मग निवेदिकेनं साधनापुढं माईक धरला. "मॅडम, दोन शब्द."

साधना म्हणाली, "माझे बूट गाडीत आहेत. कोणीतरी आणून द्या."

सभागृहात हसू पसरलं, प्रेमळ, जिव्हाळ्याचं हसू. लहान मुलानं काही मागितल्यावर येतं तसं. सरांनी माईक परत घेतला. "पाहा किती साधी आहे माझी साधना! पण साधना, आज आपण त्या बुटांचं एक चांगलं काम करणार आहोत."

त्यांनी हात केला. पडद्याआडून कुणीतरी तबक घेऊन आलं. तबकात तिचे बूट, पुसलेले, लाल फीत बांधलेली. "आमच्यापेक्षा जास्त गरज असलेल्या एका भगिनीला आम्ही उभयता हे भेट देत आहोत."

जुन्या जालन्याची अंबरीन नावाची मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, आजीचा हात धरून व्यासपीठावर आली. तिच्या चालण्याकडे साधनानं बघितलं मात्र आणि ती खुर्चीवरून उठली. मुलीचा आखूड पाय उजवा होता.

"हे डाव्याचे आहेत," साधना सरांच्या बाहीला धरून म्हणाली. "अहो, डावा उंच आहे. तिला उलटे होतील. ती पडेल."

"हसत राहा," सर ओठ न हलवता म्हणाले. "फोटो चालू आहे."

अंबरीननं तबक घेतलं. फोटोसाठी तिला बूट जवळ धरायला लावले. तिनं वाकून साधनाला सलाम केला.

साधना गाडीत अनवाणी बसून घरी आली. सर रस्ताभर फोनवर होते, फोटो पाठवत होते.

सगुणाबाईला सगळं कळलं तेव्हा ती पोराला म्हणाली, "तुह्या मढ्यावर गेलं ते बक्षीस. आता पाणी कोण आणील? तू आणतो?"

"आई, तुला समाजकार्य कळत नाही."

"मला हंडा कळतो," सगुणाबाई म्हणाली. पण ती आईच होती. पेपरात पोराचा फोटो आला तेव्हा तिनं तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला, पाय लोंबकळणाऱ्या सुनेसकट.

साधना ब्लाउज शिवायची. त्यातून जमलेलं घेऊन ती दोन महिन्यांनी पुन्हा अजमतच्या कारखान्यात गेली. अनवाणी म्हणण्यासारखंच, साध्या चपला घालून, बसस्टँडपासून भिंती धरत. आत गेली तर बाकावर अंबरीन बसलेली. तिचा हात प्लास्टरमध्ये होता आणि पुढचा एक दात नव्हता. शेजारी आजी, जन्नतबी, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत तेच बूट.

"उलटे करून द्या म्हणून राह्यल्या," अजमत साधनाला म्हणाला. "मी म्हणलं, बूट काय बनियन हाय, उलटा करायला?"

जन्नतबीनं साधनाला ओळखलं. ती उठलीच. "तुझ्या मालकानं भर मजलिशीत दिले. आम्ही ना कसं म्हणणार? सगळे म्हणले, मोठ्या लोकांनी दिले, घाल. घातले. जिन्यावरून पोरगी खाली आली. जबडा फुटला. ये देख! आता कोण करेल हिच्याशी निकाह? आधी लंगडीच होती, आता दातही गेला!"

मी सांगितलं होतं, असं साधनानं म्हणून बघितलं, पण ते तिलाच इतकं पोकळ वाटलं की वाक्य अर्धंच राहिलं.

अंबरीन मात्र थोरल्या बहिणीशी बोलावं तसं हळूच म्हणाली, "बाजी, तुम्ही तेव्हा त्यांची बाही ओढून राह्यल्या होत्या. मी पाह्यलं. मला वाटलं, तुम्हाला बूट द्यायचे नाहीत."

साधना तिच्याशेजारी बसली. ब्लाउजांचे पैसे तिनं अजमतपुढं ठेवले. "हिचं माप घ्या," ती म्हणाली. अजमतनं अंबरीनला उभं केलं आणि उजव्या पायाखाली फळ्या सरकवायला सुरुवात केली. जन्नतबी बघत राहिली. काही वेळानं तिनं पिशवी साधनाकडे सरकवली. माफ मात्र केलं नाही.

साधना बूट घालून गावात परतली.

सर अंगणात पेपर वाचत होते. त्यांनी बूट बघितले. "त्या गरीब पोरीच्या पायातून काढून आणलेस?"

"तिला होत नव्हते. तिचा उजवा पाय आखूड आहे. ती पडली, हात मोडला तिचा."

"मी दान केलेली वस्तू तू परत आणलीस." सर हे मोठ्यानं बोलले. अंगणाची भिंत कमरेएवढीच होती आणि पलीकडे माणसं होती. "मला मान खाली घालायला लावलीस, साधना."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मास्तरच्या बायकोनं दान दिलेले बूट एका मुसलमानाच्या लंगड्या पोरीच्या पायातून ओरबाडून आणले. हापशावर बाया तिच्या हंड्याशेजारी हंडा ठेवीनात. एकीनं तोंडावर सुनावलं, "तुला देवानं पाय दिला न्हाई, मन तरी द्यायचं." अंबरीनचा हात, दात, नवं माप, साधनानं सगळं सांगून बघितलं. ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "पण सर तर तसं न्हाई म्हणले." सरांचं ऐकायची लोकांना सवय होती.

पुढच्या प्रजासत्ताक दिनाला गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर कार्यक्रम होता. सूत्रसंचालन अर्थात सरांचं. उन्हात बसलेली मुलं, मागं बाया, खुर्च्यांवर सरपंच अप्पाराव आणि मंडळी. 'संकल्प' या विषयावर बोलता बोलता सर नेहमीच्या वळणावर आले. "माझं लग्न झालं तेव्हा माझी पत्नी रांगत होती. होय, रांगत!"

साधना बायांमध्ये बसली होती. ती उठली आणि मुलांच्या रांगांमधून सरळ, एका तालात, पुढं चालत गेली. ती सरांपासून हाताच्या अंतरावर थांबली.

"मी कधी रांगले न्हाई," ती म्हणाली. "हे खोटं बोलून राह्यले. मी लग्नाच्या आधीपासून चालत होते."

तिच्यापाशी माईक नव्हता. पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं, आणि त्या रांगांमध्ये पहिलीची पोरं होती.

माईक सरांपाशी होता. क्षणभर त्यांनी तो खाली घेतला. मग त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंत?" ते गरजले. "पाहिलंत तुम्ही? कालपर्यंत जी रांगत होती, ती आज चालत माझ्यापर्यंत आली! बंधूंनो, सेवेचं फळ याला म्हणतात!"

असा टाळ्यांचा कडकडाट त्या शाळेनं कधी ऐकला नव्हता. अप्पारावांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून सरांच्या गळ्यात घातला. हापशावर बोलणाऱ्या बाया रडत होत्या. साधनाचा आवाज निघत होता, पण तो तिला स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

त्यानंतर सरांना बूट आवडायला लागले.

त्यांनी बॅनर छापून घेतला. एका बाजूला 'आधी', दुसऱ्या बाजूला 'नंतर'. कार्यक्रमांची बोलावणी वाढली, सिल्लोड, अंबड, पार परतूरपर्यंत. आता ते साधनाला घेऊनच जायचे. व्यासपीठावर आधी बूट काढून चालायचं, मग सगळ्यांसमोर बूट घालायचे आणि पुन्हा चालायचं. साडी थोडी वर धरायची, तळवा दिसला पाहिजे. ती पहिल्या कार्यक्रमाला गेली, कारण घरात आवाज नको होता. दुसऱ्याला गेली. दुसऱ्या कार्यक्रमात सर तिच्या कानात म्हणाले, "आधीचं चालणं कमी पडतंय. जरा जास्त लंगड. फरक दिसत नाही लोकांना."

तिसऱ्या कार्यक्रमाच्या सकाळी गाडी दारात आली तेव्हा ती आत पिशवी भरत होती.

"चल, उशीर होतोय," सर म्हणाले.

"मी येत न्हाई. मी जालन्याला चालले."

अंबरीनची मावशी बियाण्यांच्या एका गोदामात निवडायच्या कामाला होती. तिथं बाया लागत होत्या, राहायला त्याच गल्लीत खोली होती. हे अंबरीननं फोनवर सांगितलं होतं. साधनानं आष्टीला आईलाही फोन केला होता. आई म्हणाली, "देवमाणूस सोडून चाललीस. आमच्या दारात येऊ नको, तुझ्या भावाच्या पोरीचं लग्न व्हायचंय."

सरांनी तिला अडवलं नाही. दाराची चौकट धरून ते दुखऱ्या आवाजात म्हणाले, "मी तुला चालायला शिकवलं, साधना. ते माझ्यापासून लांब जायला?" बोलता बोलता ते स्वतःच थबकले. वाक्य त्यांना आवडलं होतं. ओठांतल्या ओठांत त्यांनी ते पुन्हा म्हणून बघितलं आणि गाडीत जाऊन बसले. त्या दिवशीच्या कार्यक्रमात ते वाक्य म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला, असं नंतर पाहणारे सांगायचे.

सगुणाबाई ओट्यावर तूर पाखडत होती. "कापूस राह्यलाय अजून शेतात."

"तुम्ही वेचा, आत्याबाई."

"मी वेचू? ह्या वयात?" सूप थांबलं. "जाती तं जा. माघारी आली तं दार उघडणार न्हाई मी." साधना फाटकापर्यंत गेली तेव्हा मागून काहीतरी येऊन तिच्या पिशवीवर आदळलं. घरातली उंच चप्पल. मग दुसरी. "हे पण ने! घरात देव हायेत माह्या!"

साधनानं दोन्ही उचलल्या, धूळ झटकली आणि पिशवीत घातल्या.

भोकरदनहून जालन्याची एसटी भरलेली होती. ती आत चढली. दिव्यांगांसाठी राखीव बाकावर एक धडधाकट माणूस मोबाईल बघत बसला होता. तिनं त्याला आपलं दिव्यांगाचं कार्ड दाखवलं. त्यानं तिच्याकडे, तिच्या सरळ खांद्यांकडे बघितलं आणि पुन्हा मोबाईलमध्ये मान घातली. कंडक्टर आला. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं.

"आत्ता तर बराबर चढल्या तुम्ही. कुठं हाय अपंगत्व?" आजूबाजूच्या माना वळल्या. "हल्ली कोणीही कार्ड काढतं. दाखवा पाय."

साधनाचा हात बुटाच्या नाडीपर्यंत गेला. बूट काढला असता तर सवलत मिळाली असती, बाकही मिळाला असता.

तिनं हात मागं घेतला. "राहू द्या," ती म्हणाली. "बायकांचं अर्धं तिकीट द्या."

कंडक्टरनं तिकीट फाडलं आणि ऐकू जाईल असं पुटपुटला, "पाह्यलं? चोरी पकडली की गप." माणसं हसली. गाडी सुटली. साधनानं वरची दांडी धरली. रस्ता खराब होता आणि जालना येईपर्यंत कोणी उठलं नाही.